टेबलावरचं कव्हर कडक का झालं, आणि गरम तर्री पन्नीत का घेऊ नये

आमच्या डायनिंग टेबलवर सहा-सात वर्षांपासून एक पारदर्शक कव्हर होतं, नागपूरच्या बर्डीवरून मीटरवर कापून आणलेलं. आणलं तेव्हा इतकं मऊ की गुंडाळून पिशवीत मावलं होतं, आणि या मे महिन्यात पुसायला म्हणून कोपरा उचलला तर पापडासारखा कट्कन मोडून हातात आला. आई म्हणाली जुनं झालं, फेक ते. पण जुनं झालं म्हणजे नेमकं झालं काय, हे डोक्यातून जाईना.

तर ते कव्हर पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडकच असतं, नळाचे पाइप बघा ना. त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात, बरेचदा थॅलेट नावाची तेलकट रसायनं, आणि ती चिमूटभर नसतात, मऊ पीव्हीसीत वजनाच्या ३०-४० टक्क्यांपर्यंत असू शकतात. आणि ती प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात, म्हणून वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतात, हवेत, फडक्याला, वर ठेवलेल्या गरम पातेल्याच्या बुडाला. कव्हरचा मऊपणा गेला, तो गेला कुठे? बराचसा आमच्या घरातच. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, लेकरू त्याच टेबलावर हाताने खातं.

डीईएचपी हे या थॅलेटांतलं एक ओळखीचं नाव. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या प्रजनन अवयवांच्या वाढीवर परिणाम दिसला, आणि युरोपने २००५ मध्ये खेळण्यांसाठी त्याची मर्यादा ०.१ टक्के केली. पण हेच डीईएचपी रक्ताच्या पिशव्यांतही वापरतात आणि तिथे त्याने लाल पेशी जास्त दिवस टिकतात, म्हणजे सरसकट विष म्हणूनही चालत नाही, कुठे वापरलं ते बघावं लागतं.

आता पन्नीचं, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीचं. मध्यंतरी सावजीकडे रस्सा पार्सल घेतला, उकळता, वर बोटभर तर्री, आणि पोरगा म्हणाला, "ताई, डबल पन्नीत देतो ना, सांडणार नाही." ओळखीच्या एकीने विचारलं, ती पन्नी बीपीए फ्री असेल ना गं? बीपीए हे काही प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन, आणि त्याची धास्ती उगाच नाही, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २०,००० पटीने खाली आणली. पण बीपीए असतं पॉलिकार्बोनेटमध्ये, म्हणजे जुन्या कडक पारदर्शक बाटल्यांत, आणि डब्याबंद पदार्थांच्या आतल्या लेपात. पातळ पन्नी पॉलिथिनची, त्याच्यासाठी बीपीए लागतच नाही. तिथे प्रश्न वेगळा आहे, ती कशापासून बनली, त्यात रंग कोणता, रिसायकल माल असेल तर आधी त्या प्लास्टिकमध्ये काय भरलेलं होतं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि असली द्रव्यं बाहेर पडायला दोन गोष्टी मदत करतात, उष्णता आणि तेल. सावजी रश्शात दोन्ही भरपूर.

विश्वास बसत नसेल तर घरचा प्लास्टिकचा डबा बघा, एकदा तर्री ठेवली की तो नारिंगी होतो आणि घासून घासून हात दुखले तरी रंग निघत नाही. तिखटाचा रंग तेलात विरघळतो आणि तेलासोबत प्लास्टिकच्या आत शिरतो. म्हणजे ती भिंत बंद नाहीच, एकीकडून आत जातं तसं दुसरीकडून बाहेरही येतं.

मी आता स्टीलचा डबा घेऊन जाते, पोह्याला पण, रश्श्याला पण. पहिल्यांदा लाज वाटली, मागे लाइन लागून राहिली होती. पण त्या पोराने काहीच कुरकुर न करता डबा भरला आणि झाकण नीट लावून दिलं, आणि परवा त्यानेच आठवण केली, "ताई, डबा आणला ना?"