आजचा दिवस चित्रांचा आणि नाचाचा

जलरंगांच्या दालनात उजेड इतका कमी का, असं एका आजोबांनी आज विचारलं. कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, म्हणून ही चित्रं काही महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवतात. डोळे जरा सरावू द्या, मग बघा! नदीच्या एका चित्रात पाण्यावरची चमक म्हणजे चक्क न रंगवलेला कोरा कागद. खाली पेन्सिलीची पुसट रेघही दिसत होती. हलावंसंच वाटेना.

संध्याकाळी शिल्पांच्या दालनात नृत्य झालं. मंच नाही, माइक नाही. एका पायावर भार देऊन उभी मूर्ती आणि शेजारी तशीच उभी नर्तकी, फक्त तिचा श्वास चालू! प्रदर्शन उतरायच्या आत जाऊन या, निवांत वेळ काढून.