पिकअप बदलूया, एवढेच तो म्हणाला

"आत्या, बाकी सगळे उत्तम झाले आहे, फक्त पिकअप बदलूया. मला एक चांगला मिळतो आहे." रविवारी पाने मांडेपर्यंतच्या वेळात माझा भाचा एवढेच म्हणाला, आणि म्हणताना त्याने मी घरी बनवलेले वाद्य, ही बेस गिटार, मांडीवरून खालीही ठेवले नाही, म्हणजे त्याला ते आवडले होते हे उघड आहे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांचा कंप टिपणारा भाग. वहिनी दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मीही "बघू" म्हणून आमटी गरम करायला आत गेले. त्या वाक्यात खोट काढावी असे खरोखर काही नाही. ते प्रेमाने उच्चारलेले होते, बहुधा आधी मनात जुळवून, मला लागू नये अशा बेताने. तरीही तेव्हापासून ते माझ्या पाठीमागे घरभर फिरते आहे, आणि त्याने मला नेमके कुठे टोचले हे कळत नाही, म्हणून लिहून पाहते.

आधी वाटले की श्रमांचा प्रश्न असेल. पण श्रम तर सगळ्यालाच पडले. मग हिशेब मांडला की या बेस गिटारमध्ये माझे म्हणावे असे काय आहे. लाकूड फणसाचे, वाटणीच्या वर्षी परसातले झाड पाडले तेव्हाची फळी; त्या वर्षाबद्दल लिहायला बसले तर पिकअपचे राहून जाईल. फळी रंधली मेस्ताने, म्हणजे सुताराने, आणि कापलीही त्यानेच. मी पेन्सिलीची रेघ ओढून बाजूला उभी होते. "हें कितें गो बाय, व्हडली सतार?" असे त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता यंत्र सुरू केले. दांडी सागवानाची, तिच्या पोटात पोलादी सळई, कारण चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण त्या दांडीला अष्टौप्रहर सोसायचा असतो आणि आमच्या पावसाळी हवेत लाकूड वाकायला निमित्तच शोधत असते. पडद्यांचे, म्हणजे दांडीवर सूर ठरवणाऱ्या पट्ट्यांचे, गणित माझे, असे मी सगळ्यांना सांगत आले. तारेच्या ८६४ मिलिमीटर लांबीला १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा बसवायचा, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, आणि असे करत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ४३२ वर, येऊन बसतो. मेस्ताला ते मध्यावर येणे इतके आवडले की त्याने स्वतःच्या टेपने ते पुन्हा मोजून पाहिले. पण हे गणितही माझे कसले, ते सगळ्या जगाचे आहे. खुंट्या विकतच्या, घोडी विकतची, तारा विकतच्या. अ‍ॅम्प्लिफायर भाऊचा. म्हणजे घरी बनवलेले वाद्य म्हणून मी जे मिरवते, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात न लागलेली वस्तू एकच आहे, आणि नेमकी तीच त्याला बदलायची आहे.

पिकअप म्हणजे पाहायला गेले तर फार काही नाही: अल्निको चुंबकाच्या लहान कांड्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि गुंडाळीत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले ते तत्त्व. मात्र ही तांब्याची तार ४६ गेजची, जाडीला जेमतेम ०.०६ मिलिमीटर. कुंडईच्या वसाहतीत मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे ती मिळेल का असे विचारायला गेले, तर त्याने माझ्याकडचा नमुना बोटावर घेतला, दिसेना म्हणून दाराशी उजेडात धरला, आणि एवढ्या बारीक तारेवर चालणारी मोटर कोणती असा प्रश्न केला. तार शेवटी टपालाने मागवावी लागली. बॉबिनच्या दोन पट्ट्यांसाठी हायलमचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कडक फळीचा, तुकडा मात्र त्याने पैसे न घेता दिला.

गुंडाळायला आईची हातमशीन घेतली. वेढे मोजण्यासाठी जुना कॅल्क्युलेटर उघडला, बरोबरच्या चिन्हाच्या बटणाखालून दोन तारा काढून त्या चुंबक जवळ आले की जुळणाऱ्या रीड स्विचला जोडल्या आणि मशीनच्या फिरत्या भागावर एक छोटे चुंबक चिकटवले. आरंभी १ अधिक १ दाबून ठेवले की प्रत्येक फेऱ्यागणिक पडद्यावरचा आकडा एकाने वाढत जातो. तार सोडायला मात्र यंत्र नाही, ती बोटांतूनच सोडावी लागते. जरा घट्ट धरली की तुटते. सैल सोडली की वेढे पोकळ बसतात आणि पुढे आवाज वाढवला की तेच पोकळ वेढे स्पीकरसमोर किंचाळू लागतात. आषाढातल्या घामाने तार बोटांना चिकटे, म्हणून पावडर लावून बसायचे. आठ हजारांच्या आसपास वेढे झाल्यावर मल्टिमीटर लावला तेव्हा साडेसात किलोओहम दिसले, म्हणजे त्या बोटभर वस्तूत सव्वा किलोमीटरहून अधिक तार मावली होती, आमच्या दारातून देवकीकृष्णाच्या देवळात जाऊन परत यावे इतकी. शेवटी ती मेणात बुडवायची, म्हणजे आतले वेढे हलत नाहीत. मेण जुन्या गोव्याच्या मेणबत्त्यांचे. दर वर्षी ३ डिसेंबरला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला आई शेजारणीबरोबर जायची आणि तिथे लावून उरलेल्या मेणबत्त्या वीज जाईल तेव्हासाठी घरी आणायची. पाण्याच्या टोपात दुसरे भांडे ठेवून, थर्मामीटरवर पासष्ट अंशांच्या पुढे जाऊ न देता, मी ते मेण वितळवले आणि गुंडाळीतून बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत पाहत बसले. त्या दिवशी माझ्याइतके सुखी माणूस माशेलात दुसरे असेल असे वाटत नाही.

तो म्हणतो तो दोष असा की हा पिकअप गुणगुणतो. बरोबर आहे, गुणगुणतोच. तारेच्या कंपाने जशी गुंडाळीत वीज येते तशी ती पंख्याने, ट्यूबच्या चोकने, अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरनेही येते. गुंडाळीला आपपर कळत नाही. खाचेला आतून तांब्याचा पत्रा लावून करकर कमी होते, पण ही खालची घुमघुम पत्र्याला दाद देत नाही. लिओ फेंडरचा १९५१ सालचा पहिला प्रिसिजन बेसही एकेरी गुंडाळीचाच होता आणि तोही गुणगुणत असे. १९५७ मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. एका तुकड्याचे वेढे आणि चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलट ठेवले की तारांचा आवाज मिळून येतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. हे सगळे मला ठाऊक होते. एकेरी गुंडाळी मी मुद्दाम केली, कारण तिचा सूर मला अधिक उघडा वाटतो. तेव्हा कोणी मला ही युक्ती सांगावी याचेही दुःख नाही.

मग कशाचे? बाकी सगळे छान आहे, तेवढे एक सोडून, असे वाक्य या घरात मी पूर्वीही ऐकले आहे. पाहायला आलेली मंडळी ओटीवर बसून चहा पिताना जवळपास असेच बोलत. ते जाऊ दे. त्याने असे काही मनात आणले नव्हते, आणि त्याच्या तोंडी त्यांचे शब्द घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण वय झाले की माणसाला नव्या वाक्यात जुनीच वाक्ये ऐकू येतात, आणि कोणी मायेने बोलले तर तक्रार करायलाही जागा उरत नाही. तो रागावून बोलला असता तर मी भांडले तरी असते. या अवजड लाकडाच्या तुकड्यावर मी दोन पावसाळे घालवले ते त्याने पिकअप बदलूया म्हणावे म्हणून, असे अगदी याच शब्दांत मी रविवारी रात्री मनाशी म्हटले. आज ते वाचायला जरा नाटकी वाटते, तरी खोडत नाही.

खरी गोष्ट अशी आहे, आणि ती मला लिहिता लिहिताच सापडते आहे, की मला ती गुणगुण आवडू लागली होती. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसरा पडदा दाबला की ४९ हर्ट्झचा सूर येतो, आणि सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की ९८ हर्ट्झचा. गुणगुणीत ५० बरोबर १०० ही असतेच. मग ९८ आणि १०० एकत्र वाजले की दर सेकंदाला दोन हेलकावे येतात. सूर स्थिर राहत नाही, हळूहळू फुगतो आणि ओसरतो. इतर सुरांवर हे होत नाही, याच एका सुरावर होते. मी संध्याकाळी बसले की बोट आपोआप तिथेच जाई. ३१ डिसेंबर २०१३ पासून सबंध देशाचे वीजजाळे एका सुरात जोडलेले आहे, म्हणजे छत्तीसगडातल्या कोरब्याला आणि विंध्याचलला जी जनित्रे फिरतात त्यांनी धरलेला तो खर्ज माझ्या खोलीत पोचतो आणि मी त्याच्या किंचित खाली वाजवते, असा विचार करून मी स्वतःवर खूश होत असे. भाऊला हे सांगितले असते तर

तो असे म्हणाला असता की विजेच्या बिलात तानपुऱ्याचाही आकार लावतील.

भाच्याला मात्र तो हेलकावा म्हणजे सरळ बिघाड वाटतो. पर्वरीला ध्वनिमुद्रणाला बसल्यावर तो काय सांगणार, की माझ्या आत्याला कोरब्याच्या सुरावर वाजवायला आवडते? ढोलाखाली बेसने जमीन धरायची असते. जमीनच हलू लागली तर वर उभे राहणाऱ्यांनी काय करायचे.

परवा रात्री वाऱ्याने कुठेतरी फांदी पडली आणि सगळ्या वाड्याची वीज गेली. हेडफोन लावायचा बॅटरीवरचा लहान अ‍ॅम्प्लिफायर कपाटात होता. मेणबत्ती लावून मी तो जोडला आणि ती बारीक तार छेडली. वाद्य तयार झाल्यापासून पहिल्यांदाच ते मी भोवती वीज नसताना ऐकत होते. सूर आला आणि जसा आला तसाच राहिला, पुष्कळ वेळ, अगदी सरळ, फणसाच्या लाकडाचा असावा तसा किंचित जाड. मला तो आवडला, आणि आवडला याचाच राग आला. मग आठ हजार वेढ्यांनी मला इतके दिवस जे ऐकवले ते काय होते? पिकअपचे त्यात काहीच वाईट दिसले नाही. उलट तो इतका चांगला ऐकत होता की शेजारच्या फ्रीजपासून छत्तीसगडपर्यंत काहीच त्याच्या कानांतून सुटत नव्हते. बाकीच्या जगाने गप्प बसावे एवढीच त्याची अट, आणि ती माझीही आहे, पण ती कोणी पाळत नाही.

काल घुमटाचे, आमच्या मडक्याच्या वाद्याचे, चामडे ताणायला आणून ठेवले, तेव्हा अचानक हसू आले. घोरपडीचे चामडे कायद्याने बंद झाले आणि बकऱ्याचे आले, त्या वेळी जुन्या वाजवणाऱ्यांनी केवढा शोक केला होता. आता ती गोडी नाही, चवथीची आरती पूर्वीसारखी घुमणार नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आरती घुमते आहे. २०१९ मध्ये सरकारने घुमट राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले ते बकऱ्याच्या चामड्यासकटच. आणि आमच्या घरी चवथीला ते वाजवतो कोण, तर हाच, डावा तळवा मडक्याच्या तोंडावर झाकत-उघडत, एवढ्या समजुतीने की बेसवर त्याचा हात इतका लवकर कसा बसला याचे मला नवल वाटायला नको होते. त्याच्या कानावर माझा विश्वास नसेल तर कोणाच्या कानावर आहे?

तेव्हा आज सकाळी त्याला फोन करून विकतच्या पिकअपचे माप विचारले. त्याने इंचांत सांगितले, मी मिलिमीटरांत केले, आणि निघाले असे की तो माझ्या खाचेत रुंदीला चार मिलिमीटरांनी मावत नाही. हे ऐकून मला जो आनंद झाला तो लिहिण्यासारखा नाही. मेस्ताकडे न्यायचे म्हणजे पुन्हा आठवडा जाणार, म्हणून दुपारी मीच पटाशी घेऊन बसले. वरचा फणस आता तपकिरी पडत चालला आहे, पण आत तो अजून हळदीसारखा पिवळा आहे. माझ्या पिकअपचा सोल्डरचा डाग सोडवताना त्याचा एकही वेढा दुखावू दिला नाही. खाच मात्र लागते त्याहून थोडी लांब कापली आहे. उलट वेढ्यांची आणखी एक गुंडाळी बसेल इतकी. तार अजून बरीच शिल्लक आहे, आणि मेणबत्त्याही. त्याला हे सांगितलेले नाही.

पिकअपचे पैसे तो देणार म्हणाला, मी देऊ दिले. जोडायलाही तोच येईल, आणि येताना बारीक टोकाचे सोल्डरिंग आणायला सांगितले आहे, कारण माझ्याकडच्याचे टोक झिजले आहे. फक्त एक आहे. या घराची अर्थिंग जुनी आहे, ती नीट झाल्याशिवाय दोन गुंडाळ्यांचा पिकअपही थोडी करकर करणारच, म्हणून लगेच वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, बाय, आता चवथ होऊन जाऊ दे.