लाल पेन, निळं पेन आणि सांता मोनिका

गेल्या महिन्यात गोव्याला जाऊन आले. कॅथलिक महिलांच्या नेतृत्वावर तीन दिवसांची परिषद होती, आणि परत आल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते पण पतपेढीतलं मार्चएंडचं काम, घरचं, चर्चमधलं, यात राहूनच जात होतं. आज बसलेय एकदाची.

आम्ही वसईतल्या तिघी होतो, मी आणि शेजारच्या पॅरिशमधल्या, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतल्या, दोन मावशी. आता वसईवरून थेट मडगावची गाडी आहे त्यामुळे दादर पनवेल करत फिरावं लागत नाही, आणि मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या न सुकटीची चटणी एवढी आणलेली की समोरच्या बाकावरचं कणकवलीचं कुटुंबसुद्धा आमच्यात जेवलं. करमळीला उतरलो. तिथून ओल्ड गोवा अगदी जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं, मी आपली पणजीला जायच्या तयारीत होते.

परिषदेला साठेक जणी असतील. निम्म्या सिस्टर आणि निम्म्या आमच्यासारख्या संसारी बायका. केरळच्या, मंगळुरूच्या, झारखंडच्या, दोघी नागपूरच्या. हिंदी, इंग्रजी, कोंकणी, मराठी सगळं एकत्र चाललेलं, आणि ज्यांना काहीच जमत नव्हतं त्यांच्यासाठी शेजारची कोणीतरी कानात सांगत होती. पहिली सकाळ ओळखी आणि भाषणांत गेली त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरं काम दुपारी झालं.

प्रत्येकीला एक मोठा कागद दिला, एक लाल पेन आणि एक निळं. कागदावर आपल्या पॅरिशचा नकाशा काढायचा, चर्च, हॉल, शाळा, स्मशान, फादरांचं घर, सगळं. मग जिथे जिथे बायका काम करतात तिथे लाल ठिपका आणि जिथे निर्णय होतो तिथे निळा. सोपं वाटलं. मी वेदीवरच्या फुलांना लाल दिलं, धर्मशिक्षणाच्या वर्गाला लाल, गायनवृंद, आजाऱ्यांच्या घरी जाणं, मयताच्या घरी माळेची प्रार्थना सांगणं, सणाचं जेवण, हॉलची झाडलोट, सगळीकडे लाल लाल लाल. निळ्याची वेळ आली तेव्हा माझा हात एका खोलीवर थांबला, ऑफिसच्या मागची ती मीटिंगची खोली जिथे आम्ही चहा नेऊन देतो. माझा कागद मी अजून जपून ठेवलाय, बाजूच्या झारखंडच्या बाईचा आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखता आलं नसतं. कितीतरी वेळ हॉलमध्ये कोणी बोललंच नाही.

मग एका सिस्टरांनी, त्या चर्चच्या कायद्याच्या अभ्यासक आहेत, आम्हाला जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितेय कारण आमच्यातल्या बहुतेकींना ते ठाऊक नव्हतं. पॅरिशचं पाळकीय मंडळ हे सल्ला देणारं मंडळ असतं, कॅनन ५३६ मध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ५३६ व्या कलमात, ते आहे, आणि ते असावं की नाही हे बिशप ठरवतात. पण वित्त समिती, म्हणजे पैशाचा हिशेब बघणारी समिती, ती कॅनन ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये असायलाच लागते आणि तिच्यात सामान्य श्रद्धावंत असतात. श्रद्धावंत म्हणजे पुरुष असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, मी तुम्हाला काही नवीन मागायला सांगत नाहीये, जे आहे ते वाचायला सांगतेय.

भारतातल्या बिशप मंडळाने २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचं स्वतःचं धोरण छापलंय हेही तिथेच कळलं. इतकी वर्षं झाली त्याला, आणि मी रविवार चुकवत नाही तरी ते पुस्तक कधी हातात आलं नव्हतं. वरच्या पातळीवर दारं उघडतायत, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक (उपासनेत बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक या अधिकृत सेवा स्त्रियांना खुल्या केल्या, २०२३ च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, पहिल्यांदा बायकांनी मतदान केलं आणि त्या ५० हून जास्त होत्या, जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, असं आधी कधीच झालेलं नव्हतं. मला या बातम्यांनी खरंच आनंद होतो. पण रोम ते आमचं ऑफिसमागचं खोलीचं दार हे अंतर कोण कापणार, ते आपल्यालाच चालावं लागणार.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चर्च बघायला सोडलं. बॉम जेझू चर्चबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर मावशींनी बराच वेळ गुडघे टेकले, मीही टेकले, माझ्या आईसाठी मागितलं, एवढंच. मला जास्त धरून ठेवलं ते से कॅथेड्रलने. १५६२ मध्ये बांधायला घेतलं ते १६१९ मध्ये पुरं झालं, दोन मनोरे होते त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला त्यामुळे समोरून बघताना एक खांदा गेल्यासारखं दिसतं. हे चर्च संत कॅथरिनचं आहे, कारण पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतलं तो तिचा सणाचा दिवस. गोवा घेतलं म्हणजे काय काय झालं, किती माणसं मारली गेली, ते तिथे उभं राहून विसरता येत नाही आणि विसरूही नये. पण मी बघत होते मुख्य वेदीमागच्या त्या सोन्याच्या मुलाम्याच्या कोरीव फलकांकडे. त्यात कॅथरिनची कथा आहे, अलेक्झांड्रियाची शिकलेली मुलगी, राजाने तिला हरवायला पन्नास तत्त्वज्ञ बसवले आणि तिने सगळ्यांना वादात जिंकलं अशी परंपरा सांगते. गोव्याच्या सगळ्यात मोठ्या चर्चच्या मधोमध एक वाद घालणारी बाई उभी आहे! मावशींना सांगितलं तर त्या पुन्हा मागे फिरून बघून आल्या.

शेजारच्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये फरशी म्हणजे सगळ्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांच्यावर घराण्यांची चिन्हं कोरलेली आणि पोर्तुगीज अक्षरं पावलांनी झिजलेली. मी चप्पल हातात घेऊनच चालले. लहानपणी वसईच्या किल्ल्यात आजीबरोबर जायचे तेव्हा फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये अशाच शिळा होत्या, फक्त वर छप्पर नव्हतं आणि मधून गवत उगवलेलं. आजी म्हणायची हळू चाल, खाली माणसं झोपलीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्यानंतर आमच्याकडची चर्चं पडत गेली, घंटा कुठे कुठे गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्यातलीच एक आहे आणि आम्ही सहलीला गेलो की ती हमखास बघतो. त्यामुळे छप्पर शाबूत असलेलं, आत मेणबत्ती जळत असलेलं ते चर्च बघताना मला आमच्या किल्ल्याचं जुनं रूप बघितल्यासारखं वाटलं.

आणि मग टेकडीवर सांता मोनिका. तीन मजली, जांभ्या दगडाचा, बाहेरून भिंतींना एवढाले टेकू दिलेले. १६०६ मध्ये सुरू झालेला हा जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, मठ, प्रामुख्याने पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली आणि विधवा इथे यायच्या. सगळ्याच काही आपल्या मनाने आल्या नसणार, आणि इथल्या मातीतल्या मुलींना बरोबरीची जागा नव्हती हेही खरं. तरीपण त्या भिंतीच्या आत कारभार बाईच्या हातात होता, मठाची प्रमुख बाईच असायची. आज तिथे मातेर देई संस्था आहे, १९६४ पासून, देशभरातल्या सिस्टर तिथे धर्मशास्त्र शिकायला येतात. आम्ही गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दोरीवर कपडे वाळत होते आणि आतून कोणीतरी मोठमोठ्याने पाठ करत होतं, परीक्षा असणार. मी त्या खिडकीखाली बराच वेळ उभी राहिले.

समोरच संत ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष. ४६ मीटरचा मनोरा, अर्धाच उरलेला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी बाजू पडली. इथेच जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी होत्या. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत तिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं, आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग जहाजाने इथे आणला. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये त्याचा एक भाग जॉर्जियाला सन्मानाने देण्यात आला. ती कॅथलिक नव्हती, ऑर्थोडॉक्स होती, तरी आमच्यातल्या केरळच्या सिस्टरांनी तिथे उभ्या उभ्या प्रार्थना सुरू केली आणि आम्ही सगळ्या सामील झालो. मनोऱ्याच्या चिऱ्यांच्या फटीत नेचे उगवलेत, पाऊस नसूनही ओलसर, बोट लावलं तर गार.

परत आल्यावर पुढच्याच रविवारी मिस्सानंतर फादरांना भेटले. वित्त समितीत कोण कोण आहे विचारलं. त्यांनी पाच नावं सांगितली, पाचही पुरुष, सगळे भले लोक आहेत, मी ओळखते. मी म्हटलं फादर, मी पतपेढीत बावीस वर्षं काढलीत, ताळेबंद मला वाचता येतो, माझं नाव घ्याल का. कॅनन ५३७ चा कागदही दिला. त्यांनी तो तिथेच उभ्याने वाचला आणि म्हणाले, पुढच्या बैठकीत मांडतो, तुम्ही पण या.

बैठक पहिल्या शुक्रवारी आहे. गेल्या तीन वर्षांचे सणाच्या खर्चाचे हिशेब मागून आणलेत, रात्री भांडी घासून झाली की घेऊन बसते. मंडपाचं बिल दोनदा लागलंय एका वर्षी, तिथे निळ्या पेनाने खूण करून ठेवलीय.