सालदाराच्या घरची आखाजी

आमचे आबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे गडी. त्यामुळे आमच्या घरचं वर्ष पाडव्याला बदलायचं नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बदलायचं. वैशाख शुद्ध तृतीयेला जुनं साल संपायचं, मालकाच्या ओट्यावर हिशोब व्हायचा. किती उचल घेतली, किती खाडे झाले, हातात काय उरलं. नव्या सालाचा आकडाही तिथेच ठरायचा. अक्षय तृतीयेला सोनं घेतात, हे मला जळगावला कॉलेजात गेल्यावर कळलं.

पण खानदेशात हा सण आधी पितरांचा. उन्हाचा पारा चाळीसच्या वर, नदी आटलेली, अशा दिवसांत गेलेल्या माणसांना थंड पाणी द्यायचं. कुंभाराकडून आणलेली कोरी घागर आबा स्वतः भरायचे. गळ्याला सूत, तोंडावर पाण्याचा लोटा, त्यावर डांगर. (बाहेर त्याला खरबूज म्हणतात.) चुलीतले निखारे पुढ्यात ओढून तूप आणि घास टाकायचे. "तुना आजाले तहान लागनी व्हई," म्हणत मलाही पाणी सोडायला लावायचे. वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर राबणारा माणूस त्या दुपारी आपल्या घराण्याचा कर्ता असायचा. आखाजीचं मोठेपण मला तिथे दिसतं.

माय त्या वेळी मांडे करत असायची. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत पसरवायची, पार पातळ, आतलं पुरण दिसेल इतका. मग एका झटक्यात तापल्या खापरावर. सोबत आमरस, कुरडया, सांजोऱ्या. सासरहून आलेल्या आत्या जेवून उठल्या की निंबाच्या झोक्याकडे धावायच्या. गौराईची गाणी अंधार पडेपर्यंत चालायची.

एका वर्षी मात्र आबांना हिशोबासाठी भर दुपारपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं. घरी घागर तशीच, माय उपाशी. ते मी विसरले नाही.

आता ट्रॅक्टर आले, सालदार कमी झाले. भाऊ बटाईने शेती करतो, हाताखाली एक सालदार आहे. त्याचा हिशोब भाऊ आदल्या संध्याकाळीच चुकता करतो. सण आहे, माणूस आपल्या घरी पितरांपुढे बसलेला असावा, दुसऱ्याच्या ओट्यावर नाही, असं तो म्हणतो. सालदार ठेवणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं.