पन्नास तासांत काय मोजायचे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. त्याच वाक्यात हे शिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावे असेही म्हटले आहे. मात्र प्रत्यक्षात 50 हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे आणि आवडीचा उल्लेख फारसा कोणी करत नाही.

धोरणाचा हात शिक्षकापर्यंत कसा पोहोचतो, हे यापूर्वीही दिसले आहे. 1986 च्या धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या ओळखीच्या डाएट, उभ्या राहिल्या आणि सेवांतर्गत प्रशिक्षण जिल्ह्याच्या पातळीवर आले. पुढे तालुक्याच्या पातळीवर गटसाधन केंद्रे आली, जवळपासच्या शाळांच्या गटासाठी समूहसाधन केंद्रे आली. 2017 मध्ये दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ आणि 2019 मध्ये निष्ठा हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि 2020 मध्ये निष्ठा दीक्षावर आल्यावर प्रशिक्षण थेट मोबाइलवर आले. दूरच्या शाळेतील शिक्षकाला त्याचा उपयोग आहे, हे मी मनापासून मानते. तरीही चित्रफीत संपली, प्रश्नावली सोडवली, प्रमाणपत्र मिळाले, एवढ्याने वर्गातील अडचण सुटत नाही.

एका शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, आमच्या सहकारी शिक्षिकेने तिसरीतील मुलांच्या वह्या आणल्या होत्या. 52 वजा 27 याचे उत्तर अनेकांनी 35 लिहिले होते. आम्ही आधी ती निष्काळजीपणाची चूक समजलो. पण वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले, की मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, म्हणजे त्यांच्या चुकीलाही एक नियम होता. दशक सुटा करण्याची कृती काड्यांच्या गठ्ठ्यांवर पुरेशी न करता आम्ही थेट उभ्या मांडणीकडे वळलो होतो, हे मग प्रत्येकाने आपापल्या वर्गापुरते कबूल केले. त्या तासाभरात मी जे शिकले, ते आजही माझ्या अध्यापनात आहे.

असा तास 50 तासांत धरला जावा, असे मला वाटते, आणि धोरणाच्या शब्दांत त्याला आडकाठी नाही. स्थानिक कार्यशाळा त्यात स्पष्टपणे नमूद आहेत. अडचण नोंदीची आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंद आपोआप होते, वह्यांवरच्या चर्चेची होत नाही, आणि जे नोंदले जाते तेच हळूहळू प्रशिक्षण ठरते. महाराष्ट्रात 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी यांनाही प्रशिक्षणाची अट जोडलेली आहे, त्यामुळे प्रमाणपत्राकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. त्यासाठी शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल.

मला हवे आहे ते एवढेच, की समूहसाधन केंद्राच्या पातळीवर शिक्षकांनी आपल्या वर्गातील एक प्रश्न निवडावा, त्यावर वर्षभर काम करावे, आणि शाळांच्या या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते तास अधिकृतपणे नोंदवावेत.