मांडी आणि दांड्यामधल्या दोन मुठी

शुक्रवार, रात्र

मनू झोपल्यावर लिहायला बसले आहे. संध्याकाळी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं नवी रेघ मारली. पाठ चौकटीला, टाचा जमिनीला, डोक्यावर आडवं पुस्तक. 101 सेंटीमीटर भरला. वय साडेचार. उद्या ताई, तिचा आठ वर्षांचा आर्य आणि आम्ही दोघं मायलेक थीम पार्कला जाणार आहोत. गेले चार दिवस माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय, मनूला कशात बसवायचं आणि कशात नाही.

ताई फोनवर म्हणाली, "अगं, जाड तळाचे बूट घाल त्याला. एक-दोन सेंटीमीटरनं काय होतंय?" तिचा जीव आहे मनूवर. आर्य बसेल आणि हा खाली उभा राहून बघेल, हे तिला बघवत नाही. तरी मी ठाम नाही म्हटलं. राइडच्या दारातली उंची मोजायची ती पट्टी मुलाचा रुबाब मोजायला लावलेली नसते. त्या सीटमध्ये मूल नीट बसतंय का, पाठ टेकते का, पट्टा किंवा दांडा अंगावर जिथं यायला हवा तिथंच येतो का, एवढंच तिला विचारायचं असतं. उंची कमी असली की लहान अंग दांड्याखालून पुढे सरकू शकतं. शिवाय या वयात डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. जन्मताना डोकं शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं आणि मोठ्या माणसाचं साधारण आठवा, मनू या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. त्यामुळे तोल वरच्या अंगाला, आणि मान अजून कोवळी. गाडी झटक्यात वळली की आपली मान सावरते, त्याची सावरेलच असं नाही. बुटात जाडी घालून त्याची मान मजबूत होणार नाही.

पार्कचा नकाशा समोर आहे. कशाला 90ची अट, कशाला 100, कशाला 120. काहींना अटच नाही. अट नसलेल्या राइडवर मी आधी डोळे मिटून बरोबरची खूण केली होती. मग थांबले. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलर कोस्टरला 112 सेंटीमीटरची अट आहे, आणि त्याच पार्कातल्या हाँटेड मॅन्शन या भुतांच्या वाड्याला उंचीची अट अजिबात नाही. कारण तिथली गाडी संथ चालते, अंगाला धोका नाही. मूल घाबरेल की नाही, हे पट्टी सांगत नाही. ते मलाच बघायला लागणार. खूण खोडली आणि तिथं प्रश्नचिन्ह केलं.

मनूला कशाची भीती वाटते, ते मनाशी एकदा उजळून घेतलं. मिक्सरचा आवाज. मुखवटा घातलेलं माणूस, मग आत कोण आहे हे माहीत असलं तरी. अंधार, पण माझा हात हातात असला तर चालतो. उंचीची भीती नाही, बागेतल्या घसरगुंडीवर तो सगळ्यात वर जाऊन उभा राहतो. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीत मळमळतं. हे शेवटचं विसरायचं नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त होतो असं डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं. डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच, म्हणून पोट ढवळतं. म्हणजे पडद्यासमोर सीट हलवणाऱ्या राइड त्याच्यासाठी नकोत, कितीही छान दिसल्या तरी.

शनिवार, रात्र

पाय दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

दारातून आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कशातच बसलो नाही. मेरी-गो-राउंडच्या कठड्याला टेकून एक पूर्ण फेरी नुसती बघितली. मी मनूला सांगितलं होतं, आज प्रत्येक राइड आधी बघायची, मग तू सांगायचं. तो घोडे मोजत होता. सुरू होताना घंटा वाजते, घोडे वर-खाली होतात, मग हळू होत थांबतं. सुरुवात, मध्य, शेवट सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. या वयात 'किती वेळ' हेच कळत नसतं, आणि कधी संपणार हे ठाऊक नसलं की तीन मिनिटंसुद्धा मुलाला जन्मभराची वाटतात. बसायला गेलो तेव्हा मी आतल्या बाजूचा घोडा निवडला. फेरी सगळ्यांना एकाच वेळात पुरी करायची असते, त्यामुळे बाहेरच्या घोड्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि तो जास्त वेगानं जातो. दुसऱ्या फेरीला मनूनंच बाहेरचा मागितला.

मग छोटी आगगाडी. लहान मुलांची, बसकी, तीन उतार. पहिल्या उतारावर तो जो खिदळला, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मला वाचलेलं आठवलं. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसननं उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे सायकलचा. आणि मोठी माणसं तिच्यासाठी रांगा लावत होती. आर्यला ती छोटी गाडी 'बाळांची' वाटली, साहजिक आहे, पण मनूचं पोट पहिल्यांदा असं हललं होतं. त्याच्यापुरतं ते पुरेसं मोठं होतं. लगेच पुढची पायरी चढायची घाई कशाला? आम्ही चार वेळा बसलो.

फिरत्या कपांत मधली चकती आपण फिरवू तसा कप गरगरतो, तिला हात न लावता बसलो. मळमळ नाही. कप फिरत असताना त्याला लांबच्या झाडाकडे बघायला सांगितलं होतं, त्याचाही उपयोग झाला असेल.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज लिहायला बसले.

मधल्या आकाराचा एक रोलर कोस्टर होता. अट 100 सेंटीमीटर, सोबत मोठं माणूस हवं. मनू पट्टीखाली उभा राहिला, डोकं रेघेला लागलं, तिथल्या मुलानं हसून आत सोडलं. मनूला बसायचं होतं, दोन वेळा बाहेरून बघून त्यानं स्वतः "हो" म्हटलं होतं. माझ्या सगळ्या कसोट्यांत राइड बसत होती. आम्ही सीटवर बसलो. दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच दांडा. तो खाली आला, माझ्या मांडीला टेकला आणि तिथंच खटकन अडकला. मी मनूकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर दांडा आलाच नव्हता. मी हात घालून बघितलं, माझ्या दोन मुठी एकावर एक बसल्या, वर जागा उरली. त्याची पावलं खालच्या पत्र्याला टेकत नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

त्या दोन-तीन सेकंदांत किती काय मनात आलं. तो उंचीत बसतोय. पट्टी बरोबर आहे. त्यांनी विचार करूनच नियम केला असेल. मागच्या सीटवरचे लोक बसून तयार आहेत. मी एका हातानं त्याला धरून ठेवीन. आणि मग जाणवलं की हेच चुकतंय. वळणावर त्याचं अंग जेव्हा बाहेर ओढलं जाईल, तेव्हा माझा हात त्याला किती धरू शकेल? दांड्याचं काम हातावर घ्यायचं नसतं.

मी हात वर केला. मोठ्यानं म्हटलं, "दादा, थांबा, आम्हाला उतरायचंय." त्यानं लगेच दांडा उघडला. कुणीतरी मागून चुकचुकलं. मनूचं तोंड एवढंसं झालं. प्लॅटफॉर्मवर उतरून मी गुडघ्यावर बसले आणि त्याला माझ्या मुठी दाखवल्या, "बघ, इथं एवढी जागा होती. हा दांडा तुझ्या मांडीवर बसायला हवा, तर तो तुला धरणार. तो माझ्यावर बसला." त्यानं स्वतःची मूठ करून बघितली. रडला थोडा. मी रडू दिलं. 'त्यात काय रडायचं' म्हणावंसं वाटलं नाही, त्याची निराशा खरी होती.

ताईला मी नंतर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आर्य पाच वर्षांचा असताना मी त्याला अशाच एकात घेऊन बसले होते. तेव्हा दांडा बघितलाच नाही गं." तिनं माझा हात धरला. पुढच्या प्रत्येक राइडला सगळ्यात आधी तीच वाकून बघत होती, दांडा दोघांना एक की प्रत्येकाला वेगळा. दुपारी तसा एक सापडला, वेगळ्या दांड्यांचा, मनूच्या मांडीवर नीट घट्ट बसणारा. मधल्या डब्यात बसलो, कारण शेवटचा डबा उतारावर जास्त जोरानं ओढला जातो. मनू उतरला तो उड्या मारतच.

आणखी एक लक्षात ठेवायचं. गरगर फिरणाऱ्या, बाहेरच्या बाजूला ढकलणाऱ्या पाळण्यात लहानाला आत आणि मोठ्याला बाहेर बसवायचं. उलटं बसलं तर मोठ्याचं सगळं वजन लहानावर येतं. तिथल्या माणसानं आम्हाला न सांगता उलटं बसू दिलं होतं, ताईनंच उठवून जागा बदलल्या. जहाजाच्या झोक्यात मधे बसलं की कमी उंच जातं, टोकाला जास्त. आर्य टोकाला बसला, आम्ही बसलोच नाही. मनूनं बाहेरून बघून मान हलवली, "नको." मी "बरं" म्हटलं आणि पुढे निघालो. त्याला चुचकारलं असतं तर कदाचित तयार झाला असता. पण सकाळपासून मी त्याला 'तू सांग' म्हणत होते, त्याचं 'नको' ऐकलं नसतं तर त्याच्या 'हो'लाही काही अर्थ उरला नसता.

माझी चूक झाली ती प्रश्नचिन्हाच्या जागी. संध्याकाळी सगळे थकलेले, आणि ते अंधाऱ्या बोगद्यातलं, संथ गाडीचं, उंचीची अट नसलेलं घर समोर होतं. रांग नव्हती. बाहेरून आतलं काही दिसत नाही, त्यामुळे आधी बघून घेणं शक्य नव्हतं. इथंच मी थांबायला हवं होतं, किंवा ताई आणि आर्यला आधी आत पाठवून विचारायला हवं होतं. दुसऱ्याच वळणावर भिंतीतून मुखवट्याचा चेहरा आला, सोबत कानठळ्या बसवणारा आवाज. मनूनं तोंड माझ्या कुशीत खुपसलं. मी त्याच्या कानांवर हात ठेवले आणि त्याच्या केसांत बोलत राहिले, "मी आहे, आपली गाडी पुढे चाललीय, दार येईल." तो मधेच विचारत होता, "आई, संपलं?" चार वेळा विचारलं. आणि मधेच उतरता येत नाही. बाहेर उजेडात आल्यावरही त्यानं मान वर केली नाही.

त्याला अंगानं काही झालं नाही. पण आज झोपताना दिवा चालू ठेवायला लागला आणि अजून त्याची मूठ माझ्या ओढणीवर आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला 'ते खोटं होतं' सांगून भागत नाही, त्याच्यासाठी जे दिसलं ते होतं. मी त्याची माफी मागितली. "ते आईनं आधी बघायला हवं होतं," असं म्हटलं. तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी बघ हं."

रविवार, दुपार

रात्री दोनदा उठला. सकाळी मात्र हसत उठला आणि लगेच कामाला लागला. दिवाणावरच्या सगळ्या उशा खाली ओढल्या, त्यांची रांग लावली, लाटणं आणून समोर आडवं धरलं. कापडी हत्तीला हाक मारली. दाराच्या चौकटीला त्याला उभा केला, सोंड वर जाते म्हणून ती खाली दाबून धरली आणि डोक्यावर पुस्तक आडवं ठेवलं. मग उशीवर बसवलं. लाटणं त्याच्या मांडीवर ठेवून खाली बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. लाटणं आणखी खाली सरकवलं.

मी दारात उभी राहून बघत होते. त्याला मी दिसले नव्हते. तो हत्तीच्या कानाशी वाकला आणि हळूच विचारलं, "बसायचंय ना तुला? नको असलं तर हात वर कर. मी उघडतो."