पितृपक्षात मर्सिडीजचा भाव: सव्वाबावीस आणि सत्तावीसच्या मधली जागा

गाडी घेऊन झाली, आरसी पण नावावर झाली, म्हणून आता निवांत लिहितेय. गेल्या महिनाभरात चार जणांनी फोन करून एकच विचारलं, "किती कमी केले गं त्यांनी?" आणि मला दरवेळी वाटलं की प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातोय. किती कमी केले याला काही अर्थ नाही, त्यांनी सुरुवातीला किती वाढवून सांगितले होते ते माहीत असल्याशिवाय. मला हवं होतं ते वेगळंच. या गाडीची आजची खरी किंमत किती, ती आधी आपल्याला कळली पाहिजे, मग बोलणी.

गाडी म्हणजे मर्सिडीज सी क्लास, सी २२०डी, २०१९ ची, डिझेल, फर्स्ट ओनर, ४१ हजार किलोमीटर, एमएच बारा पासिंग. ही फेसलिफ्ट, म्हणजे चेहरामोहरा सुधारलेली, सप्टेंबर २०१८ ला आली तेव्हा एक्स-शोरूम ४० लाखांपासून होती. आपल्याकडे २० लाखांवरच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, म्हणजे नुसता टॅक्सच ६ लाख, वर इन्शुरन्स, टीसीएस (आगाऊ कापला जाणारा इन्कम टॅक्स), सगळं धरून अठ्ठेचाळीसच्या आसपास जायची. आमच्या बाबांना मर्सिडीजचं जरा जास्तच आहे, कारण त्यांची सगळी नोकरी भोसरीत आणि १९९५ मध्ये इथे पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात पहिल्या ई क्लास बनायला लागल्या तेव्हा त्यांच्या शॉपमध्ये महिनाभर तोच विषय होता. पुढे २००९ ला कंपनीचा स्वतःचा प्लांट चाकणला झाला. तर बाबांच्या दृष्टीने ही गाडी फॉरेनची नाहीच, चाकणची आहे :)

आधी आम्ही नवीन पण बघितली, खोटं कशाला सांगू. पण मर्सिडीजचं २०२१ पासून असं आहे की बिल कंपनी थेट ग्राहकाच्या नावे करते, देशभर किंमत एकच, त्यामुळे शोरूमला बसून एक्स-शोरूमवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, तो पोरगा बिचारा काही करू शकत नाही. तिथे बोलायची जागा दुसरीकडे असते. इन्शुरन्स बाहेरून कोट आणून दाखवा, जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत वाढवून मागा, लोनचा व्याजदर, सर्व्हिस पॅकेज, वाढीव वॉरंटी, आणि गाडी कुठल्या महिन्यात बनलीये ते विचारा, मागच्या वर्षीची स्टॉकमध्ये पडलेली असेल तर ते तुमच्या बाजूचं कारण आहे. ऑन-रोडचा ब्रेकअप कागदावर घ्या, एकेक ओळ वाचा, "हँडलिंग" वगैरे नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. १० लाखांवरच्या गाडीवर जो १ टक्का टीसीएस घेतात तो रिटर्न भरताना मिळतो, तो खर्चात धरू नका. आणि धंदा असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, कंपनीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात टॅक्स २० टक्के.

असो. नवीन आमच्या हाताबाहेर होती, म्हणून जुनी.

मी दीड महिना नुसत्या जाहिराती वहीत लिहून काढल्या. पुणे-मुंबईतल्या नऊ गाड्या, साधारण हेच वर्ष, हेच मॉडेल. तारीख, किलोमीटर, कितवा ओनर, मागितलेली किंमत. आणि दर रविवारी परत बघायचं, कुठली गेली, कुठली तशीच आहे, कुणी किंमत उतरवली. जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव नव्हे, तो फक्त मागणाऱ्याचा आकडा, तीन आठवड्यांनी जो आकडा उरतो तो भावाच्या जवळ जातो.

त्यात एक बाणेरच्या जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डातली, सांगायला २७.९० लाख, एक वर्षाची वॉरंटी देणार, टायर नवे. ही माझी वरची पट्टी. मधेच ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के अधिक सेस जाऊन सरसकट ४० टक्के. सेडानला आधी सगळं मिळून ४८ पडायचं, म्हणजे शंभराच्या गाडीला १४८ च्या जागी १४०, साठ लाखाच्या गाडीला सव्वातीन लाखाच्या आसपास फरक. नवीन उतरली की जुनीला पण उतरावं लागतं, तेवढंच नाही पण काहीतरी. त्याच आठवड्यात यार्डवाल्याने आपणहून २७ केले. आणि यार्डातून घेताना लक्षात ठेवा, त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे, तो शेवटी आपल्याच खिशातून जातो, घरगुती माणसाकडून घरगुती माणसाने घेतली तर ते काही लागत नाही.

दिल्ली पासिंगच्या पण दोन होत्या, तीन-चार लाख स्वस्त. मोह होतो. पण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदीचा नियम आलेला, त्या भीतीने गाड्या इकडे येतात, आणि इथे कायम ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स पुन्हा भरा, नंबर बदला. ते सगळं मिळवलं की स्वस्ताई बरीच संपते, त्यामुळे सोडल्या.

आमची गाडी मिळाली कोथरूडमध्ये, ओळखीतून. एक रिटायर्ड काका-काकू, मुलगी कॅनडात, आता एवढी मोठी गाडी चालवणं होत नाही म्हणून काढत होते. मागत होते साडेसव्वीस. पहिल्या भेटीत आम्ही पैशाचा विषयच काढला नाही, फक्त गाडी बघितली, आणि इथे बाबांनी जे केलं ते प्रत्येकाने करावं असं आहे. बॉनेट उघडलं आणि इंजिनाकडे न बघता बिजागरीचे बोल्ट बघितले. पान्हा लागला असेल तर बोल्टच्या कडांवरचा रंग उडतो, तिथे चकाकी दिसते. इथे चारही बोल्ट रंगासकट तसेच. मग डिकीचं कार्पेट वर करून खालचा पत्रा, मग मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर खेचला. तो शेवटचा हातभर पट्टा एरवी कुणी बाहेर काढत नाही, धुवायलाही कुणाला सुचत नाही. गाडी पाण्यात गेली असेल तर चिखलाची रेघ तिथे राहते. पुण्यात हे बघायलाच हवं, २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा फुटला तेव्हा आणि जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून परत विकल्या जातात. आमचा बेल्ट स्वच्छ निघाला, टोकाला कारखान्याचं लेबल पण जागेवर.

पेंटची जाडी मोजायचं मीटर मी मित्राकडून आणलं होतं. सगळीकडे ११०-१३० मायक्रॉन, मागच्या डाव्या दरवाजाला एकदम २८०, म्हणजे तिथे पुन्हा रंग मारलेला. मी काकांकडे बघितलं तर ते म्हणाले, "सोसायटीच्या गेटला घासली होती, बिल आहे," आणि आतून फाइल घेऊन आले. खरंच बिल होतं, इन्शुरन्सच्या क्लेमचा कागद पण. मग मी त्याबद्दल पुढे एक रुपया कापला नाही. माणूस कागद काढून दाखवतोय तर त्याच्यावर तेच हत्यार चालवायचं नाही.

टायरवर मात्र थांबले. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर १८१९, म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा, गाडीबरोबर आलेले. नक्षी भरपूर शिल्लक होती कारण गाडी चाललीच कमी, पण सव्वासहा वर्षांचं रबर, बोटाने दाबलं की कडेला बारीक भेगा दिसत होत्या.

मग काकांच्या परवानगीने गाडी एक दिवस वर्कशॉपला नेली, पैसे भरून तपासणी करून घेतली, सर्व्हिस हिस्टरी काढली म्हणजे किलोमीटर मागे फिरवलेत का ते कळतं. खर्च होतो, होऊ द्या. या गाड्यांमध्ये एक चुकीचा पार्ट निघाला तर अल्टो येईल एवढं बिल येतं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलान किती पेंडिंग, पीयूसी, इन्शुरन्सवर किती क्लेम, हे सगळं घरी बसून बघता येतं.

बोलणीला बसलो ते पितृपक्षात. मुद्दाम. या पंधरवड्यात गाडी घ्यायला सहसा कुणी फिरकत नाही, यार्डं ओस असतात, विकणाऱ्याचा फोन वाजत नाही. दसरा जवळ आला की तोच माणूस हलत नाही. आम्ही ठरवलं, बोलणी आत्ता करायची, ताबा घटस्थापनेला घ्यायचा.

काकूंनी पोहे केले होते. मी वहीतला एक कागद काढून टीपॉयवर ठेवला. टायर ७२ हजार, पुढचे ब्रेक डिस्क-पॅड ५८, गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ३८, बॅटरी २८, बेरीज १ लाख ९६. सगळे कोट लेखी. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बॅटरी मी दोन हजार तेवीसला बदललीये." परत फाइल, परत बिल. मी पेनने बॅटरीची ओळ खोडली आणि खाली १ लाख ६८ लिहिलं. मला वाटतं त्या दिवशीचं सगळं तिथेच ठरलं, कारण त्यानंतर काकांचा आवाज बदलला, ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

"टायर तर अजून चांगले आहेत की," म्हणाले.

"नक्षी आहे काका, पण वय झालंय. एक्सप्रेसवेला १२० ला मला भीती वाटेल."

"बरं, मग तुम्ही किती म्हणताय?"

मी सरळ विचारलं, "तुम्हाला एक्स्चेंजमध्ये किती देतायत?" हे विचारायला लोक का लाजतात मला कळत नाही. काका गप्प, काकूच म्हणाल्या, "सव्वाबावीस म्हणालेत." झालं, ही खालची पट्टी. सव्वाबावीसच्या खाली त्यांनी मला का द्यावी, आणि सत्तावीसच्या वर मी त्यांच्याकडून का घ्यावी, यार्डात वॉरंटी आणि नवे टायर मिळत असताना. मधले पावणेपाच लाख हे दोघांचे मिळून आहेत, ते वाटून घ्यायचे. हे मी तिथे अगदी असंच बोलून दाखवलं.

मी पावणेचोवीस म्हणाले. काका साडेसव्वीसवरून सव्वापंचवीसवर आले. मी २४.१५. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, बाबा पोहे खात होते, मी मुद्दाम गप्प राहिले कारण अशा वेळी आपणच घाबरून आकडा वाढवतो. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, गाडी चांगल्या घरी जातेय, करा ना चोवीस चाळीस." काकांनी बाबांच्या हातात हात दिला.

२३ ला मिळाली असती का? कदाचित. सर्वपित्रीपर्यंत ताणलं असतं, गाडीला चार नावं ठेवली असती, तर कंटाळून दिली असती त्यांनी. पण मला ती फाइल हवी होती, दुसरी चावी हवी होती, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करायला एका फोनवर येणारा माणूस हवा होता. बाणेरच्या यार्डात एका गाडीची दुसरी चावी "शोधतो" म्हणून तीन आठवडे सांगत होते.

टोकन २५ हजार दिलं, पावती लिहून, त्यात फायनल रक्कम आणि "कागदात दोष निघाल्यास परत" ही ओळ. बाकी आरटीजीएस. इन्शुरन्सचं बऱ्याच जणांना माहीत नसतं, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. काकांचा बोनस काकांकडेच राहिला, पॉलिसी माझ्या नावावर करताना फरकाचे पैसे मला भरावे लागले. हे पण आधीच हिशोबात धरा. आणि पॉलिसीवरचं नाव बदलायला १४ दिवसच असतात.

२२ सप्टेंबर, घटस्थापना, सकाळी ११.४० ला ताबा. हे ११.४० मी ताबा पावतीवर लिहून घेतलं होतं, दोघांच्या सह्या. तेव्हा काका म्हणाले, "एवढं कशाला?" दसऱ्यानंतर मोबाइलवर बघितलं तर गाडीवर चांदणी चौकातलं ओव्हरस्पीडचं चलान, २० सप्टेंबरचं, उशिरा चढलेलं. मी काकांना पावतीचा आणि चलानचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत पेड दाखवत होतं, आणि खाली काकांचा मेसेज, "काकूंना एअरपोर्टला सोडायला निघालो होतो. टायर टाकलेस का?"